चान्यांची ताटली

पदार्थ सुकवायचं मशीन मी सूडापोटी घेतलं. लोक त्यात टोमॅटो आणि सफरचंदाच्या चकत्या वाळवतात. मी पहिल्याच दिवशी बकऱ्याचं मटण लावलं.

कारण मामा. आईचे मोठे भाऊ, सरकारी साहेब. त्यांच्या सिंदी मेघेच्या घरी राहून मी कॉलेज केलं. आमच्या घरातली पहिली पदवी माझी, आणि ती त्यांच्यामुळे मिळाली. पुस्तकं त्यांनी आणून दिली, इंग्रजीचे धडे समोर बसवून घेतले. हे मी विसरणार नाही. दुसरी गोष्टही विसरणार नाही.

दुसऱ्या वर्षाला असताना आई आंजीहून मला भेटायला आली. येताना चान्या घेऊन आली. मटणाच्या लांब पट्ट्या कापायच्या, मीठ, हळद, तिखट लावून दोरीवर कडक वाळवायच्या, खाताना तेलात तळायच्या, त्या चान्या. आजीच्या काळी आमच्या वस्तीत त्या मेलेल्या ढोराच्या असत. तीन दिवस ती काठी घेऊन कावळे हाकत बसली होती. मामांच्या बैठकीत त्यांच्या ऑफिसातली माणसं चहा पीत होती. आईनं माझ्यासाठी कौतुकानं तिथंच चान्यांचं फडकं सोडलं. मामा उठले, फडकं दोन बोटांत धरलं आणि दारात आलेल्या घंटागाडीत टाकून आले.

मग आईला स्वयंपाकघरात नेऊन हळू आवाजात म्हणाले, "हे सोडायले आपल्याले किती पिढ्या लागल्या, अन् तू पुन्हा घरात आणते?"

"बकऱ्याचं आहे ना दादा."

"लोकाईले काय माहीत कशाचं आहे?"

आई न जेवता दुपारच्या बसनं परत गेली. मी मात्र रात्री तिथंच जेवले. परीक्षा जवळ होती, मला ती खोली हवी होती. मी एक शब्द बोलले नाही. आईनं त्यानंतर कधी चान्या केल्या नाहीत.

आता मी शिक्षिका आहे. मामांच्या मागच्याच गल्लीत घर बांधलं, आई माझ्याकडे असते. मशीन आलं तेव्हा तिनं त्याला चारी बाजूंनी पाहिलं.

"याच्यात ऊन कुठून येते?"

माझी पहिली खेप फसली. पट्ट्या जाड कापल्या होत्या. वरून टणक, आतून ओल्या. आईनं एक हातात घेतली. "हे वाकून राह्यली. काडीवानी मोडली पाह्यजे. सरक तिकडं." तिनं सुरी घेतली. मटण फ्रीजरमध्ये जरा कडक करून कापलं तर पातळ निघतं, एवढं एकच मी तिला शिकवलं. ट्रे आत गेल्यावर ती स्टूल घेऊन मशीनसमोर बसली.

"आई, इथं कावळे नाई येत."

"आदत आहे माही."

ट्रे निघायच्या वेळेलाच मी मामांना चहाला बोलावलं होतं. ते आता रिटायर झाले आहेत, मामी गेल्यापासून एकटेच असतात. आत येताच थांबले, वास घेतला. तळलेली एक चानी मी पुढे केली. ती कडकन मोडली. त्यांनी डोळे मिटून खाल्ली. मग आणखी तीन.

"पोरी, थोड्या बांधून दे मले."

याच वाक्यासाठी मी मशीन घेतलं होतं.

"मी नाई केल्या मामा. आईले मागा."

ते स्वयंपाकघराच्या दारात गेले. "बाई, दे ना थोड्या."

आईनं वर पाहिलं नाही. "आज घंटागाडी येऊन गेली काय, दादा?"

मी आईकडे पाहत होते. तिनं देऊ नये असं मला मनापासून वाटत होतं. पण तिनं स्टीलच्या ताटलीत चान्या रचल्या, चांगल्या उंच. मामांनी पिशवी मागितली.

"पिशवी नाई. झाकणही नाई. असेच घेऊन जा. ताटली धुवून आणजो."

मी फाटकापर्यंत गेले. चार वाजले होते, गल्लीत माणसं बाहेर बसलेली. मामा ताटली पोटाशी धरून चालत होते. तिसऱ्या घरासमोर एकानं हाक मारली, "साहेब, काय घेऊन चालले?"

मामा थांबले.

"चान्या आहेत. बहिणीनं केल्या."

मी आत येऊन आईला सांगितलं.

"मोठ्यानं बोलला काय?" तिनं विचारलं.

"जेमतेम ऐकू आलं."

आई पुढचं मटण कापायला लागली. "मंग पुढच्या वेळेस परात देजो."