वायरलेसवर सांगितलेली किल्ली

"मॅडम, म्या यादीला हात लावला असंल तर हे हात झडतील," मामा म्हणाले. हातात कारणे दाखवा नोटीस, रिटायरमेंटला चार महिने.

मामा तेर गावाजवळच्या गट ऑफिसात क्लार्क. कोणाचा ऊस कधी तोडायचा, ती यादी ते कॉम्प्युटरवरून साखर कारखान्याला पाठवत. पुढचा नंबर मिळावा म्हणून आमच्या धाराशिवात लोक काय काय करतात, ते विचारू नका. यावेळी मामांच्या नावाने आलेल्या यादीत तीन शेतं परस्पर वर चढली होती.

मी कारखान्याची नेटवर्क इंजिनिअर. यादी वाटेत कोणी बदलू नये म्हणून तिला कुलूप लावून पाठवायची सोय मीच केली होती. त्या कुलपाची किल्ली, म्हणजे की, हा एक लांब आकडा असतो. तो दोन्ही टोकांना सारखाच लागतो.

"कुलूप शाबूत आहे आणि तिकडची किल्ली मामांकडेच, म्हणजे मामाच," आमचे साहेब, शेतकी अधिकारी, म्हणाले.

मी मामांना विचारलं, "किल्लीचा आकडा तुम्हाला कसा मिळाला?"

"फोन लागंना. मग कंट्रोल रूमनं वायरलेसवर सांगितला. म्या नेमाप्रमाणं रिपीट केला. दोनदा."

वायरलेसवर शेताचा नंबर चुकीचा ऐकला तर गाडी भलत्याच फडात जाते, म्हणून आमच्याकडे प्रत्येक आकडा परत म्हणून दाखवतात. आणि वायरलेसचे सेट अर्ध्या ट्रॅक्टरांवर आहेत, सगळे ऐकतात. कंट्रोल रूमला "मामांना कळवा" एवढंच सांगून मोकळी झाले होते ती मी. लॉग काढला. ती यादी आली तेव्हा मामांचा कॉम्प्युटर बंद होता, म्हणजे ऐकलेली किल्ली वापरून ती दुसऱ्याच कोणी पाठवली होती.

"मग नवीन की पाठवा," साहेब म्हणाले.

"कोणत्या वाटेने? वायरलेसवर ऐकणारे तेच आहेत."

त्यावर एक सुंदर उपाय आहे. दोन्ही कॉम्प्युटर आपापला एक गुप्त आकडा धरतात. त्यावर गणित करून आलेला आकडा उघड पाठवतात. समोरून आलेला आकडा आणि आपला गुप्त आकडा यांचं पुन्हा गणित केलं की दोन्हीकडे एकच किल्ली तयार होते. चोरून ऐकणाऱ्याला ते गणित उलटं सोडवता येत नाही, आणि किल्ली वाटेवर येतच नाही.

फक्त समोर मामाच आहेत, मामांचं सोंग नाही, याची खात्री हवी. त्यासाठी दोन्ही स्क्रीनवर त्या किल्लीवरून निघालेला पडताळणीचा आकडा येतो; मधे कोणी घुसलं असेल तर तो जुळत नाही. तो साऱ्या गावाने ऐकला तरी बिघडत नाही, आवाज ओळखीचा हवा.

मामा आपल्या ऑफिसात गेले, मी कारखान्यात सेट घेऊन बसले.

"मामा, आकडा वाचा."

"पुन्ना वायरलेसवर? समदे ऐकत्यात की!"

"ऐकू द्या."

मामांनी वाचला, मी रिपीट केला. शेवटपर्यंत जुळला.

रिपोर्टमध्ये मी माझी चूक लिहिली. शेतं कोणी वर चढवली, ते शेवटपर्यंत कळलं नाही. साहेबांनी मामांना बोलावलं. "मामा, झालं गेलं विसरा."

"साहेब, नोटीस लेखी हाय. ती मागं घेतल्याचं बी लेखी द्या. सही-शिक्क्यानं."

साहेबांनी दिलं. मला मेमो मिळाला, तो योग्यच होता. नव्या इंजिनिअरांना मी आता गणित नंतर शिकवते. आधी विचारते, फोन लागला नाही तर तुमचा माणूस काय करेल?