जोडीची फटफटी

आमच्या उत्तमकाकांच्या गॅरेजपुढे एक लाकडी बाकडे आहे. त्यावर माणसे बसतात, चहा पितात, उठून जातात, पण बोललेले कोणी सोबत नेत नाही. ते तिथेच साचत राहते, जुन्या नटबोल्टांच्या डब्यासारखे. एक काढायला हात घालावा तर चार बाहेर येतात! मी नववीत आहे आणि चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. त्यामुळे माझे बोलायचे राहून जाते, ऐकायचे मात्र काहीच राहत नाही. या वर्षी काकांनी दुसरी फटफटी घेतली. ती घेताना त्या बाकड्यावर जे साचले, त्यातले थोडे लिहिते.

आधी पहिलीबद्दल सांगायला हवे. बांगलादेशच्या लढाईनंतर काका मिलिटरीतली ड्रायव्हरकी सोडून केनवडला आले, ते एका साहेबाची जुनी फटफटी घेऊन. लाल, लांबलचक, दोन सायलेंसरची. लाल म्हणून तिचे नाव लाली. डांबरी रस्त्यावर तिला तोड नाही. सकाळी चहा पिऊन काका अमरावतीला जातात, इंजिनाचे सुटे भाग घेतात आणि दिवेलागणीच्या आत परत येतात. "पाठ दुखत नाई, गाडी थकत नाई," असे ते सगळ्यांना सांगतात.

आई इथल्या दवाखान्यात नर्स आहे. बाबा बाहेरगावी नोकरीला असतात. आडवाटेच्या घरून बाळंतपणाचा निरोप आला की काकाच गाडी काढतात आणि आई बॅग घेऊन मागे बसते.

पण डांबर संपले की लालीची हुशारीही संपते. आमच्याकडच्या काळ्या मातीत पाऊस पडला की चिखल चाक आणि मडगार्डमध्ये असा गच्च बसतो की चाक फिरेनासे होते. मागच्या श्रावणात गुलाबरावांच्या मळ्यातून निरोप आला, सुनेला कळा लागल्या होत्या. नाल्याजवळ लाली रुतली. काकांनी काडीने चिखल खरवडला, हाताने उपसला, तरी ती हलेना. आई उरलेली वाट पायी गेली. ती उशिरा पोचली. सून वाचली. बाळ नाही वाचले.

त्याच आठवड्यात काका म्हणाले, "पुढच्या पावसाच्या आत चिखलाची एक गाडी घेतोच." आणि माघात कळले की गुलाबरावांच्या सुनेला पुन्हा दिवस गेले आहेत. आषाढात बाळंत होणार होती.

* * *

गुलाबराव शेतकरी आहेत, पण त्यांची खरी कीर्ती बैलांची जोडी जमवण्यात. एखाद्याच्या गोठ्यात एकच बैल असला की दुसरा पाहायला तो गुलाबरावांना घेऊन जातो. उंची, रंग, शिंगे, चाल, सगळे जुळले पाहिजे. काकांच्या दुसऱ्या फटफटीसाठी त्यांना कोणी बोलावले नव्हते. तशी गरजच पडली नाही!

पहिली गाडी शिरपूरचा एक कापडवाला घेऊन आला. गुलाबरावांनी ती लालीच्या शेजारी उभी करायला लावली. दूर जाऊन एक डोळा मिटून पाहिले. मग जवळ येऊन दोघींची उंची वितीने मोजली.

"चार बोटं ठेंगनी हाये."

"मंग?" काका म्हणाले.

"मंग काय? जू एका अंगाले झुकन! सारं वज्जन एकीच्याच खांद्यावर!"

"गुलाबराव, मले काय या दोघी वखराले जुंपायच्या हायेत?"

गुलाबराव जरा विचारात पडले. "आज नाई म्हन्तो तू. उद्याचं कोनं पाह्यलं?"

कापडवाला निघाला तेव्हा त्यांनी त्याला बाजूला घेतले आणि हळूच विचारले, "मारकी तं नाई ना?"

* * *

दुसरी गाडी कामरगावच्या एका ओव्हरसियर साहेबांची होती. साहेब पुण्याकडचे, इस्त्रीच्या कपड्यातले. गाडी खरेच बरी होती. काकांनी डोळ्यांनी खूण केली, तसे गुलाबराव पुढे झाले.

बैलांच्या बाजारात किंमत तोंडाने बोलत नाहीत. उपरण्याखाली एकमेकांची बोटे दाबून सौदा होतो, म्हणजे भोवतीच्यांना काही कळत नाही. गुलाबरावांना सौद्याची दुसरी रीत ठाऊकच नाही. त्यांनी साहेबांचा हात धरला, वरून उपरणे टाकले आणि साहेबांची तीन बोटे प्रेमाने दाबली.

साहेब ताडकन उठले. "अहो, हे काय करता? सोडा हात! मला बायको-मुलं आहेत!"

"असतीन ना," गुलाबराव म्हणाले. "मलेई हायेत!"

साहेब इतक्या घाईने गेले की एका किकमध्ये गाडी सुरू झाली. काका धुळीकडे पाहत राहिले. "किक एक नंबर होती बरं!"

* * *

तिसऱ्या गाडीची ट्रायल नांगरलेल्या वावरात घ्यायची ठरली. आई दवाखान्यात होती. तिच्या जागी मागे मला बसवले आणि तिची बॅग माझ्या मांडीवर दिली.

वावराच्या मधोमध एका ढेकळावर गाडी उडाली. गाडी पुढे गेली, मी आणि बॅग तिथेच राहिलो. माती मऊ होती, लागले काही नाही. पण ओरडायचे तर लाज वाटली, बांधावर गडीमाणसे बसली होती.

काका मात्र बोलत चालले होते. वाऱ्यावर त्यांचे शब्द माझ्यापर्यंत येत होते. "कशी वाटते, सुजाता? गचके बसतात का? आईले जमन ना?" विहिरीपर्यंत जाऊन त्यांनी मोठा वळसा घेतला, आणि बॅग हातात धरून उभी असलेली मी त्यांना समोर दिसले.

"तू अठी कशी?"

"पडली."

"मंग हाक नाई मारत?"

मी बॅगेवरची माती झटकली.

"म्हंजे मी इतका येळ बोलून राह्यलो तं कोनासंगं?" काका खाली उतरले. "तू रोजच गुपचूप असते, मले कसं समजन? मी तं गाडी पसंत करून टाकली होती. म्हटलं पोट्टीची एक तक्रार नाई!"

* * *

चैत्र उजाडला तरी फटफटी ठरेना. मग एक दणकट गाडी आली. लालच, लालीएवढीच उंच, चिखलातून रेडा ओढून काढील अशा ताकदीची. काकांनी नाल्यातून ती दोनदा काढून दाखवली. गुलाबरावांनी एक डोळा मिटून पाहिले आणि दुसराही मिटून घेतला, इतके समाधान झाले त्यांना. "आता जमली जोडी!"

काका होकार देणार, एवढ्यात मी बोलले. का बोलले ते मला अजून कळत नाही.

"काका, तुमी लाली घेऊन अमरावतीले गेले असले, तं ही कोन चालवन?"

बाकड्यावरचे सगळे काकांकडे पाहू लागले. तीन महिने दोन गाड्या जुळवून पाहत होते, आणि हाकणारा एकच धरला होता. जसा बैलजोडीला धरतात!

"मी लवकर येत जाईन," काका म्हणाले.

"कळा काय अमरावतीच्या वाटेकडे पाहत बसतात?" हे गुलाबराव बोलले. आणि बोलून खाली पाहू लागले.

आई तेव्हा बाळंतपणाला सोबत नेते त्या दवाखान्यातल्या किटलीचा तुटलेला दांडा डाक लावून घ्यायला आली होती. तिने किटली बाकड्यावर ठेवली. "सरका जरा. मले पाहू द्या."

तिने गाडी स्टँडवरून काढली आणि गाडी तिच्या अंगावरच कलली. काकांनी धरली म्हणून बरे. आई पदर सारखा करत म्हणाली, "उत्तम, हे माह्याच्यानं पेलत नाई. मले उचलता येईन अशी आन."

"पन वैनी, तुमी चालवसान?"

"किटली घेऊन चिखलातून दोन कोस चालता येते, तं हे काहून नाई येनार?"

गुलाबरावांचा चेहरा पडला. "पन बाई, मंग जोडी नाई जमत..." ते थांबले. उपरण्याने तोंड पुसले. "नाई जमली तं नाई जमली."

* * *

मग रिसोडच्या एका मास्तरांची गाडी आली. काळी, बारकी, बारीक चाकांची. आईने ती उचलून पाहिली आणि काकांनी घेतली. मग तिचे पुढचे मडगार्ड काढून पट्ट्या लावून वीतभर वर बसवले, म्हणजे चिखल अडकायला जागाच नाही.

गुलाबरावांनी तिला लालीशेजारी पाहिले. "बैलाच्या बाजूले बकरी बांधली बाप्पा!" तेव्हापासून तिचे नाव बकरी पडले. पण दुसऱ्या दिवशी तेच नारळ घेऊन हजर.

काका म्हणाले, "गुलाबराव, तुमाले मालूम हाये. आमी बौद्ध झाल्यापासून हे करत नाई."

"तुमी नका करू ना! फोडतो मी. तुमी फक्त खोबरं खा!"

आईनेच पहिला तुकडा घेतला. "खोबऱ्याशी माहं काई भांडन नाई."

* * *

आईने गाडी शिकायची कुठे? रस्त्यावर शिकली तर अर्धे गाव गोळा होणार. गुलाबरावांनी आपले खळे दिले. सारवलेले, गोल, पडले तरी लागायचे नाही. आईने पांढऱ्या नर्सच्या साडीला काष्टा मारला आणि बसली.

सुरू करणे तिला लगेच आले. थांबवायचे येईना! काका "क्लच! क्लच!" ओरडत मागे पळत होते आणि आई गोल गोल फिरत होती. मधल्या खांबाजवळ गुलाबराव उभे होते, तेही तिच्याबरोबर जागीच फिरत होते.

"बाई," ते ओरडले, "एवढ्या फेऱ्या मारूनच राह्यल्या तं माह्या हरभऱ्याची मळनी तरी होऊन जाऊ द्या!"

सगळे हसले. पण गुलाबराव हसण्यावारी बोलत नाहीत. दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो तर खळ्यात खरोखरच राहिलेला हरभरा पसरून ठेवला होता!

आई तीन दिवसांत थांबायला शिकली. तिसऱ्या दिवशी तिने ब्रेक लावला, खाली उतरली आणि म्हणाली, "घ्या, गुलाबराव. गाडीई आली आन् डाळई झाली."

* * *

आषाढातला रविवार होता. दोन दिवस पाऊस लागून होता. काका लाली घेऊन अमरावतीला गेलेले. भर दुपारी गुलाबराव स्वतः बैलगाडी घेऊन आले. गाडीवर ताडपत्री, आत घोंगडी, आईला बसायला वाळलेला कडबा. बैल त्यांचे सगळ्यात चांगले, पण गुडघ्यापर्यंत चिखलाचे, तोंडाला फेस.

"चाला बाई. सकाळपासून कळा हायेत."

आईने बैलांकडे पाहिले, मग आभाळाकडे पाहिले. "गुलाबराव, मी म्होरं होते. तुमी या मागून." आणि तिने बकरी बाहेर काढली.

मी मागे बसले. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात किटली. डांबर संपले तिथून आई पुढे एक शब्द बोलली नाही. गाडी डुगडुगत होती, मागचे चाक सरकत होते, पण फिरत होते. नाल्याच्या उतारावर आम्ही आडव्या झालो. आई उठली, तिने गाडी उचलली. एकटीने! मी मागून ढकलली. माझ्या तोंडात चिखल गेला. पलीकडच्या चढावर मी मोठ्याने "चाल ना! चाल ना!" असे ओरडत होते, हे मला आईने नंतर सांगितले. मला आठवत नाही.

मळ्यात पोचलो तेव्हा वेळ होता. आईने हात धुतले आणि आत गेली. मी चुलीवर पाणी ठेवले. आतून सुनेचा आवाज येत होता, मग आईचा, मग बराच वेळ कोणाचाच नाही. मी नुसती चुलीत काड्या घालत राहिले. पाणी कधीचे उकळले होते.

मग रडणे ऐकू आले. बारीक, पण रागाचे.

बऱ्याच वेळाने अंगणात बैलगाडी आली. गुलाबराव उतरले आणि जागीच उभे राहिले. आतले रडणे ऐकत राहिले. दारातून त्यांची बायको म्हणाली, "नात झाली. दोघी बऱ्या हायेत."

गुलाबरावांनी मान हलवली. घरात गेले नाहीत. बैलही सोडले नाहीत. रांजणातून बादली भरून घेतली आणि भिंतीला टेकून उभ्या असलेल्या बकरीजवळ खाली बसले. आधी पुढचे चाक धुतले, मग मागचे. हाताने, सावकाश, बोटांनी चिखल काढत. उपरण्याने पुसून घेतले. मग गोठ्यात गेले, घमेल्यात बैलांची सरकीची ढेप कालवून आणली आणि तिच्या पुढच्या चाकासमोर ठेवली. बैल जुवाखालून पाहत होते.

अंगणात मी एकटीच होते, म्हणून मला सांगावे लागले. "मामा, ती नाई खात."

"मले मालूम हाये, माय," गुलाबराव म्हणाले. "खानं न खानं तिची मर्जी. ठेवनं माहं काम."