त्यांनी चुकलेली टेपही जपली

मित्रांनो, आज डोकं फिरलंय.

खोडाळ्याच्या बाजारात रेंज आली आणि आपल्या आवडत्या रॉक बँडचा नवीन आलेला अल्बम ऐकला. सत्तरी ओलांडलेल्या त्या म्हाताऱ्यांनी नव्या गाण्यांसोबत तरुणपणी रेकॉर्ड केलेल्या एका गाण्याची टेपही काढलीय. मध्येच गायक चुकतो, हसतो, पुन्हा सुरू करतो.

कॉलेजात माझी मैत्रीणपण हेच गाणं चुकत गाऊन मोबाईलवर पाठवायची. शेवटी दम द्यायची, "हसलास ना, तर परत नाय पाठवणार."

तिचं लग्न ठरलं तेव्हा रागात मी सगळं डिलीट केलं.

आज एका मित्राला हे सांगितलं तर म्हणाला, "येड्या, तिच्याकडं असंल ना!"

तिने तेव्हा विचारलं होतं, "मी ठेवू का?" मीच ओरडलो होतो, "पुसून टाक!"

ती माझं कधीच ऐकायची नाही. तेव्हाही ऐकलं नसेल ना?