देवाजी काकांचा कान

देवाजी काकांनी एकसष्टाव्या वर्षी कान टोचून घेतला. एकच, उजवा. नागपूरच्या नंदनवन वस्तीतल्या आमच्या गल्लीत ही बातमी दूधवाल्याच्या आधी घरोघर पोचली, आणि ज्यांचा विश्वास बसेना ते काहीबाही निमित्त काढून त्यांच्या फाटकापाशी येऊन गेले. मी शेजारीण, मला निमित्त लागत नाही. भिंतीवरून डोकावले तर काका ओसरीत बसलेले, कानाची पाळी लालभडक, तिच्यात सोनारानं अडकवलेली चांदीची तार.

"काका, हे काय?"

"टेस्टिंग हाय मॅडम. भोक सुकलं का चालू. सात दिवस तांबं, मंग सात दिवस पितळ, मंग स्टील, मंग चांदी. कोन कानाले चावते, पाहाचं हाय मले."

आत काकू भांडी आपटत होत्या. "पाह्य वं सुनंदा," त्या आतूनच म्हणाल्या, "साठीत माणसाले देव आठवते, याइले कानातले आठवले." काकांनी नेहमीप्रमाणे ते सगळं नीट ऐकून घेतलं आणि कानाला खोबरेल लावलं.

हसू नका. या भानगडीत त्यांना मीच पाडलं होतं, त्यामुळे मला तर हसायची सोयच नव्हती. काकांचं सक्करदऱ्याला मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. नागपूरचा उन्हाळा कूलरवर निघतो आणि कूलरची मोटार हमखास ऐन मे महिन्यात जळते. जळलेली तार काढायची, मोजून तेवढेच आटे घालत नवी तांब्याची तार गुंडाळायची, हे काम त्यांनी तीस वर्षं केलं. मोटार आणली की आधी ती चालू करून तिला कान लावायचे. गिऱ्हाईक घाई करायला लागलं की म्हणायचे, "आधी ऐकाची, मंग उघडाची." त्यांच्या हातून गेलेली मोटार परत आलेली मी तरी पाहिली नाही.

मग घरोघर एसी आले. कूलरच्या मोटारीही इतक्या स्वस्त झाल्या की दुरुस्तीपेक्षा नवी परवडावी. एका मार्चमध्ये मी आमची घरघरणारी मोटार घेऊन दुकानात गेले, तर काकांनी ती ऐकली, बाजूला ठेवली आणि म्हणाले, "नवी घ्या मॅडम. हिच्यात जीव नाही." दुकानात दुसरी एकही मोटार नव्हती. "आणि तुमचं काय?" मी विचारलं. काउंटरवर तारेचं एक पिंपळाचं पान पडलं होतं. शिरा, देठ, टोकाची ती लांब शेपटी, सगळं तांब्याच्या एकाच तारेत वळवलेलं.

"हे कोणी केलं?"

"बोटं रिकामी राहत नाही माही. टाइमपास हाय. घेऊन जा."

मी ते काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घातलं आणि शाळेत गेले. आमच्या स्टाफरूममध्ये नवऱ्याच्या बदलीची बातमीसुद्धा दोन दिवसांनी कोणाच्या लक्षात येते. पान पहिल्या तासाच्या आधी लक्षात आलं. संध्याकाळी दुकानावर जाऊन सांगितलं, "काका, आठ पानं पाहिजेत." त्यांनी गंभीरपणे विचारलं, "कायच्या मोटारीले?"

त्याच उन्हाळ्यात त्यांच्या मुलानं, प्रशांतनं, पुण्याहून फोन केला. प्रशांत चांगला मुलगा, आईवडिलांवर जीव असलेला; फक्त त्याला सगळ्याचा निकाल लवकर लावायची सवय. "बाबा, दुकान आता चालत नाही ना? बंद करा आणि दोघंही इकडे या. आयुष्यभर राबलात, आता आराम करा." काकूंनी मनातल्या मनात बॅगा भरल्याही होत्या. काका माझ्याकडे आले ते पडलेल्या चेहऱ्यानं. "आराम म्हंजे काय मॅडम? त्याच्या फ्लॅटच्या गॅलरीत बसून खालच्या गाड्या पाहाच्या. सहा महिन्यांत मरीन मी." त्यांनी मुलाकडे मुदत मागितली: पुढच्या वर्षीच्या बुद्धपौर्णिमेपर्यंत. तोवर दागिन्यांचा धंदा उभा राहिला तर नागपूर, नाही तर दुकानाची किल्ली परत करून पुणं. प्रशांत हसला असावा, पण हो म्हणाला.

साठीच्या माणसानं नवा धंदा सुरू केला म्हणजे अनुभव कामी येतो असं लोक म्हणतात. काकांचा अनुभव सगळा आडवा आला. पहिली कानातली त्यांनी मोटारीच्या कॉइलसारखी गच्च, एकावर एक आटे घालून केली. घालून पाहिली तर माझे कान खांद्याला टेकायच्या बेतात. "जड आहेत काका," मी म्हटलं. ते खरोखर चकित झाले. म्हणाले, "तीस वर्षांत वजनाची तक्रार पहिल्यांदा ऐकून राहिलो." प्रत्येक जोडीबरोबर ते सहा महिन्यांची गॅरंटी देत. प्रत्येक जोडीला दोऱ्यानं चिठ्ठी बांधत, तिच्यावर घेणारीचं नाव आणि मोहल्ला, आणि तेच वहीतही उतरवून ठेवत, कारण मोटारी अशाच ओळखू येतात. मी म्हटलं, अहो, कानातलं कोणाचं ते कानावरून कळतं. ते म्हणाले, "तुमी शिकवा मॅडम, मी शिकून राहिलो. पन चिठ्ठी राहू द्या."

हळूहळू हात बसला. पानं हलकी झाली, जोडीतली दोन्ही सारखी व्हायला लागली. आमच्या बुद्धविहारातल्या बायकांनी घेतली, त्यांच्या सुनांनी घेतली, मौद्याहून कोणाची तरी बहीण दोन जोड्या न्यायला आली. तांबं काळं पडू नये म्हणून काका त्याला मोटारीचं व्हार्निश लावत, त्यामुळे ते दुकानात आरशासारखं चमके. दिवाळीपर्यंत मला वाटायला लागलं की काका जिंकले.

डिसेंबरात शीतलचा साखरपुडा झाला. शीतल विहारातल्याच एका घरची, नर्सिंग शिकलेली, गोड मुलगी. तिनं हौसेनं काकांची मोठी पानं आदल्या दिवशीच घातली. साखरपुड्याच्या सकाळी तिचे दोन्ही कान सुजून टम्म झाले, पाण्यानं भरले, आणि सगळे फोटो तिनं ओढणी कानावरून घेऊन काढले. तिच्या आईनं काकांना विहाराच्या दारात, सगळ्यांसमोर विचारलं, "देवाजीभाऊ, पोरीच्या कानात मोटार घातली का तुमी?"

काका खाली मान घालून ऐकत राहिले. मला वाटलं, आता काहीतरी सांगतील, तिची कातडीच नाजूक असेल, हवेनं झालं असेल. मी तर त्यांच्या बाजूनं ते बोलायला तोंड उघडलंही होतं. काका म्हणाले, "माह्या हातानं झालं ताई. चूक माही." आणि दुसऱ्या सकाळी वही घेऊन निघाले. नाव आणि मोहल्ला लिहिलेला होताच. घरोघर जाऊन त्यांनी प्रत्येक जोडी परत मागितली. पुष्कळ बायका म्हणाल्या, आम्हाला काही झालं नाही, राहू द्या. त्यांनाही ते म्हणाले, "आज नाही झालं. द्या." मौद्यालासुद्धा बसनं जाऊन आले. माझ्या गळ्यातलं पानही काढून नेलं. मी रागावले, चक्क भांडले. पौर्णिमेला पाच महिने उरले होते आणि हा माणूस आपलाच धंदा पिशवीत भरून घरी आणत होता.

"आता कोण घेणार तुमच्याकडून?" मी विचारलं.

"पहिले दोष सापडू द्या," काका म्हणाले. "मंग पाहू कोन घेते."

कान टोचला तो त्यानंतर. सोनाराला वाटलं, नातीला घेऊन आले असतील. महिनाभर भोक सुकू दिलं आणि मग एकेक धातू सात-सात दिवस. तांब्यानं चौथ्या दिवशी पाळी हिरवट झाली आणि खाजायला लागली. व्हार्निश लावलेल्या तांब्यानं एका रात्रीत कान शीतलच्या कानासारखा फुगवला. काका दुखण्यानं झोपले नाहीत, पण सकाळी भिंतीवरून मला हाक मारली ती आनंदानं: "मॅडम, सापडला." पितळ बाद झालं, स्टील बरं पण ताठ, चांदीनं काही केलं नाही. म्हणजे हूक चांदीचा हवा आणि व्हार्निश पूर्ण बंद. मग तांबं काळं पडणार, त्याचं काय? इथे काकूंनी पहिल्यांदा या धंद्यात तोंड घातलं. "पाण्याचा तांब्याचा हंडा-गुंड कायनं घासतो आपण? चिंचेनं. मंग?" त्या दिवसापासून गॅरंटीचा कागद गेला आणि त्याच्या जागी चिठ्ठी आली, काकांच्या किरट्या अक्षरात: काळे पडल्यास चिंचेने घासावे. घासायचं काम काकूंनी स्वतःकडे घेतलं, कुरकुरत.

पण घ्यायला कोणी येईना. दर रविवारी काका वंदनेला विहारात जात, पांढऱ्या सदऱ्यावर कानात चांदीच्या हुकाला ते एक तांब्याचं पान लोंबतंय. पोरं खिदळत, बायका तोंडाला पदर लावत. मला त्यांच्यासाठी अक्षरशः रडू यायचं. ते मात्र पहिल्या रांगेत बसत. असे नऊ रविवार गेले. दहाव्या रविवारी वंदना संपल्यावर शीतल सरळ त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. "काका, कान दाखवा." त्यांनी मान वळवली. तिनं पाळी बोटांत धरून पुढून पाहिली, मागून पाहिली, दाबून पाहिली, चांगली सराईत नर्ससारखी. मग म्हणाली, "मले एक जोड करून द्या. लग्नात घालाची हाय." काकांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलंही नाही.

शीतलनं घेतली तशा बाकीच्याही आल्या. त्या बुद्धपौर्णिमेला विहारात पांढऱ्या साड्यांची रांग लागली होती आणि जवळजवळ प्रत्येक कानाशी एक तांब्याचं पान हलत होतं. प्रशांत आईवडिलांना न्यायला आला होता, तो माझ्या शेजारी उभा राहून पाहत होता. दुसऱ्या दिवशी तो एकटाच परत गेला. तरी बाबांनी आता आराम करावा, हे त्याच्या मनातून गेलं नव्हतं. पुण्याला कोणी विचारलं, वडील काय करतात, की तो सांगायचा, रिटायर झालेत, घरीच असतात. हे काकांच्या कानावर यायचं. बाकी कशानं दुखावत नसत, यानं दुखावत. "घरीच असतो म्हंते," ते मला एकदा म्हणाले, आणि हातातली तार पुन्हा वळवायला घेतली.

तीन वर्षं त्यांनी हे काम केलं. गेल्या हिवाळ्यात छातीत दुखायला लागलं म्हणून त्यांना दवाखान्यात नेलं, तेव्हा प्रशांत सकाळच्या विमानानं आला होता. भरतीच्या खिडकीवरची मुलगी फॉर्म भरत होती. "पेशंट काय करतात?" प्रशांत म्हणाला, "काही नाही, रिटायर आहेत." व्हीलचेअरवरून काका बोलले, धाप लागत, पण स्पष्ट.

"रिटायर काहून? दागिने बनवून राहिलो मी."

मुलीनं प्रशांतकडे पाहिलं. तो व्हीलचेअर ढकलायला वळला. तिनं काहीतरी लिहिलं आणि व्हीलचेअर आत गेली. तिसऱ्या दिवशी काका गेले.

मृत्यूची नोंद करायला मी प्रशांतबरोबर गेले, कारण त्याला इथलं काही माहीत नव्हतं; काकूंना एकटं सोडवत नव्हतं म्हणून घरी माझी बहीण बसली होती. क्लार्कनं एकेक रकाना विचारला. नाव, वय, पत्ता. मग पेन न उचलता म्हणाला, "व्यवसाय? निवृत्त लिहू ना?"

"नाही," प्रशांत म्हणाला. "बाबा दागिने बनवून राहिले."

पंधरा वर्षं पुण्यात काढलेल्या माणसाच्या तोंडून ते आमचं नागपुरी ‘बनवून राहिले’ आलं, म्हणजे ‘बनवताहेत’, आणि तेही वर्तमानकाळात. क्लार्कनं वर पाहिलं. मी मराठीची शिक्षिका, काळाच्या चुका दुरुस्त करण्यात माझा जन्म गेला. ही मी तशीच राहू दिली. क्लार्कनं रकान्यात ‘दागिने कारागीर’ असं लिहिलं, आणि प्रशांतनं खाली सही केली.