फक्त गिरणी पडली

आष्टीच्या बाजारगल्लीत साधनाची गिरणी आहे. पुढे गिरणी, मागे घर, मधे एक भिंत. ती राजूरहून लग्न होऊन आली तेव्हा गिरणी सासूबाई, दुर्गाबाई, चालवायच्या. पिठाला बोट न लावता, नुसत्या आवाजावरून त्या सांगायच्या, "बाजरी जाड पडून राह्यली." साधनाही तशीच कानानं शिकली. पुढे दुर्गाबाईंची फुफ्फुसं थकली. आता त्या मागच्या खोलीत ऑक्सिजनच्या मशीनवर असतात, आणि साधनाचा एक कान गिरणीकडे असतो, दुसरा भिंतीपलीकडच्या घरघरीकडे.

पूर्वी गिरणी अडकली की बोर्डावरची तिची एमसीबी, म्हणजे भार वाढला की आपोआप वीज तोडणारा खटका, पडायची. गिऱ्हाइकं खोळंबायची. साधनाच्या नवऱ्याला, मच्छिंद्रला, ते खपायचं नाही. त्यानं वायरमन अंगदला सांगून मोठी बसवून घेतली, सगळ्या घराची वीज सांभाळणाऱ्या मेनपेक्षाही मोठी. मग ती कधी पडलीच नाही. मच्छिंद्र खूश.

श्रावणात एकदा दगडात खडा अडकला आणि थेट मेन पडली. पंखा गेला, दिवा गेला, आतली मशीन केकाटायला लागली. साधना पिठाच्या हातांनी धावली. खाटेजवळच्या जादा ऑक्सिजन सिलेंडरची चावी फिरवेपर्यंत दुर्गाबाईंचे ओठ निळे झाले होते. मग त्या सावरल्या.

अंगदनं बोर्ड उघडला.

"गिरणीवर लोड आला तर आधी गिरणीचीच पडायला पायजे. तुम्ही तिला मेनपेक्षा दांडगी केली. मंग मेनच पडली, घर घेऊन."

"टाकली कोणी?" मच्छिंद्र म्हणाला.

"सांगितलं कोणी?"

"तुमचं भांडण बाहेर जाऊन करा," साधना म्हणाली. "आधी हे बराबर करा."

अंगदनं मेनच्या निम्म्या ताकदीची, मोटरच्या सुरुवातीचा झटका सोसणारी एमसीबी बसवली. "मोठं शॉर्टसर्किट झालं तर दोन्ही पडू शकतात, म्हणून सिलेंडर भरलेलं ठेवा. पण गिरणी अडकली तर ही एकटीच पडंल."

"कशावरून?"

"अडकवून दाखवू का, वहिनी?"

"नको. आत आई हायेत."

तेव्हापासून साधना दाणा दाताखाली धरून बघायची. ओलसर लागला की डबा परत; ओल्याचा लगदा होऊन गिरणी अडकते. बायका नाकं मुरडायच्या.

दिवाळीच्या तोंडावर पलीकडच्या गल्लीतली बेबीनंदा अनारशांचे तांदूळ घेऊन आली. साधनानं मूठ भरली. दाणे तळव्याला चिकटले.

"ओले हायेत."

"अनारशाचे तांदूळ ओलेच असत्यात, बाई. जावई पहिल्या दिवाळीला येऊन राह्यलाय. उद्या त्याच्या पुढ्यात काय तुझे नियम वाढू?"

रांगेतल्या बायका हसल्या. साधनाही हसली, आणि हसता हसताच तांदूळ गिरणीत ओतले गेले. पहिलं पीठ बरं पडलं. मग आवाज जड झाला. तिनं बटणाकडे हात नेला, तेवढ्यात लगदा बसला, मोटर गुरगुरली आणि खटकन सगळं गप्प झालं.

साधना बोर्डाकडे गेली नाही. भिंतीला कान लावून उभी राहिली.

घरघर चालू होती. डोक्यावर पंखाही फिरत होता.

"लाईट गेली का गं?" बेबीनंदानं विचारलं.

"न्हाई. फक्त गिरणी पडली."

आतून दुर्गाबाईंचा बारीक, तुटक आवाज आला. "साधना... ओले तांदूळ घेतले का?"

"घेतले, आई."

"अक्कल... गहाण टाकली का?"

"व्हय, आई."

ती ज्वारीच्या पोत्यावर बसली आणि पदरानं तोंड पुसलं. सासूबाईंच्या अजून शिव्या ऐकाव्याशा वाटत होत्या. बेबीनंदा म्हणाली, "आता तो खटका वर कर की, बाई, मला जल्दी हाय."

"करते. आधी दगड साफ करू दे," साधना म्हणाली, पण उठली नाही.