दादा भाव आणायचा

सकाळी वहिनीचा फोन आला. "वन्सं, हे उठंनात. चहा कवाचा ठिवलाय, लई हलवलं..." मी लगेच निघाले. देवळाली प्रवराहून शेवगावला पोचेपर्यंत मी गाडीत एकच घोकत होते, गाढ झोप लागली असेल. दादाची झोप हा आमच्या घरात थट्टेचा विषय. त्याच्या घोरण्याला आम्ही ट्रॅक्टर म्हणायचो. आता त्याला जाऊन दीड महिना झाला, तरी घरात कुणी घोरलं की माझा जीव घाबरा होतो.

दादा आठवडे बाजारात कापड विकायचा. गिऱ्हाइकाला 'आजच घ्या' म्हणणारा हा माणूस स्वतः कुठलीच वस्तू लगेच घेत नसे. पाडव्याला सगळं गाव दुकानातून वस्तू आणायचं, दादा नुसता भाव आणायचा. शेजारी रंगीत टीव्ही आला तेव्हा त्याला दुभत्या म्हशीएवढे पैसे पडले होते. आम्ही रडलो, रुसलो. दादा दरसाल दुकानात जायचा आणि हात हलवत परत यायचा. शेवटी आणला तो शेळीच्या भावात! मोबाईलचंही तेच. आलेल्या फोनलासुद्धा पैसे पडायचे त्या काळात तो शेजाऱ्यांना हसायचा, "ह्यांच्याच पैशानं आपल्याला सस्ता हुनार हाय." झालंही तसंच. वस्तूंच्या बाबतीत तो कधी चुकलाच नाही, आणि आज मला त्याचीच भीती वाटते.

नगरच्या डॉक्टरांनी त्याला सांगितलं, झोपेत तुमचा श्वास मध्येच थांबतो, नाकाला लावायचं मशीन घ्या. किंमत ऐकून दादाने डॉक्टरांना टीव्हीचीच गोष्ट ऐकवली. परत येताना मी चिडले. "दादा, हा टीव्ही न्हाई!"

"मशीन म्हंजी मशीन, बाई. दोन पाडवे जाऊ दे, निम्म्यात यील."

एक पाडवा गेला. दादा भाव विचारून आला, थोडा उतरला होता. केवढा खूश होता... दुसरा पाडवा त्याला दिसला नाही.

त्याचे दिवस झाल्यावर माझा मुलगा मला त्याच डॉक्टरांकडे घेऊन गेला. एकाच आईची लेकरं आम्ही. श्वास माझाही थांबतो. तेव्हापासून उशीला डोकं टेकायचं म्हटलं की छातीत धडधडतं. डोळा लागला की दचकून उठते आणि आधी श्वास घेऊन बघते.

काल दुपारी मुलाने मोबाईलवर तेच मशीन दाखवलं. दादाच्या वेळेपेक्षा भाव आणखी खाली आलेला. "आई, मागवू?"

भाव बघून मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. मी म्हणाले, "एवढा उतरलाय तर अजून उतरंल. दिवाळी जाऊ दे."

तो 'बरं' म्हणून कामाला निघाला. बाहेर त्याची गाडी सुरू झाली आणि मला माझंच वाक्य पुन्हा ऐकू आलं. हे मी बोलले?... मी तशीच अनवाणी त्याच्या गाडीमागे धावले.