पाण्याकाठचा दगड

दुसरं महायुद्ध संपलं आणि फौजेच्या लिलावातली एक जुनी जीप आमच्या कचेरीला मिळाली. त्याच पावसाळ्यात मी तिच्यातून नांदुऱ्याहून वडनेरला निघालो. वाटेत नाल्याला पूर होता. एक म्हातारा गाडीवान बैल सोडून काठावर बिडी ओढत बसला होता. त्याने पाण्याच्या कडेला एक दगड ठेवला होता; पाणी ओसरलं की तो दगड पुढे सरकवायचा.

आमचा ड्रायव्हर फौजेतून आलेला. म्हणाला, "हिचे चारी चाकं जोर लावतात, साहेब. निंगून जाऊ."

गाडीवानाने दगडावरची नजर हलवली नाही. "हाव, लावतीन ना जोर. पण चाकाखाली जमीन पाह्यजे. ते दिसून राह्यली काय तुमाले?"

मला उशीर झाला होता आणि बैलगाडीवाल्याकडून मोटार शिकायची माझी इच्छा नव्हती. मी "चल" म्हणालो.

तेव्हा तो उठला आणि काठी टेकत पाण्यात उतरला. दहा पावलं पाणी गुडघ्याएवढंच होतं. अकराव्याला त्याने काठी पुढे टेकली, ती मुठीपर्यंत आत गेली. तिथला रस्ताच वाहून गेला होता. तो परत येऊन बसला.

मी इंजिन बंद करायला लावलं. मग दिवस कलेपर्यंत आम्ही तिघेही त्या दगडाकडे बघत बसलो.